१३ वर्षं चर्चची पायरी न चढलेला धाकटा भाऊ: काय करू?

चाफेवाला (वसई) · ८ सप्टेंबर, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे चाफ्याच्या पानावरची कीड आणि शेणखताचा भाव यापलीकडे काही विचारत नाही. आज घरातलं विचारतोय. लांबण लागली तर माफ करा, मला थोडक्यात लिहिता येत नाही.

आम्ही वसईचे, समुद्राकडच्या पट्ट्यातले, पिढीजात कॅथलिक. माझं वय ५८, धाकट्या भावाचं ४६. वाडी एकत्र, चुली वेगळ्या. सोनचाफ्याची साठेक झाडं आहेत. पहाटे तीनला दोघं कपाळाला बॅटरी बांधून कळ्या खुडतो, बायका पिशव्या भरतात आणि तो टोपली घेऊन लोकलच्या लगेज डब्यातून दादरच्या फूलबाजारात जातो. सकाळी लवकर माल गेला तर गेला, नाहीतर चाफा काळवंडतो आणि गिऱ्हाईक तोंड फिरवतं.

भाऊ कसा म्हणाल, तर दारूला शिवत नाही, कुणाचा पैसा ठेवत नाही. आई ८१ वर्षांची आहे, तिच्या गुडघ्यांना रोज रात्री तेल लावून देणारा तोच. पण १३ वर्षांत त्याने चर्चची पायरी चढलेली नाही. नाताळ नाही, ईस्टर नाही. गुड फ्रायडेला अख्खं गाव क्रूसाच्या वाटेला असतं तेव्हा हा पंपाची मोटर खोलून बसतो, आणि मुद्दाम ठोकाठोक करतो असा माझा संशय आहे. लग्न असलं तर हॉलवर येतो, आहेर देतो, जेवतो. मयतीला येतो तो फाटकापर्यंत.

मी काय करायचं बाकी ठेवलं नाही. पहिली दोन वर्षं भांडलो. मग एकदा त्याच्या नावाने रिट्रीटचा, म्हणजे प्रार्थना शिबिराचा, फॉर्म परस्पर भरून टाकला, तीन दिवसांचे पैसेही भरले. तो गेला नाही, मी गेलो. मग प्रार्थना गटाच्या आठ जणांना गिटारसकट घरी घेऊन आलो. तो मागच्या दाराने निघून गेला आणि रात्री ११ ला आला. बायबलची वचनं व्हॉट्सअपवर पाठवायला लागलो तर फॅमिली ग्रुपच सोडला. ईस्टरनंतर फादर घरं आशीर्वादित करायला येतात, त्या दिवशी याला हटकून विहिरीचा गाळ आठवतो. एकदा फारच लावून धरलं तेव्हा म्हणाला, "देवाला रोज फुलं मी पोचवतो. तू काय पोचवतोस?" आता आमचा चाफा दादरहून कुठल्या कुठल्या देवाला जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी काय बोलणार?

कारण आहे. त्याचं पहिलं मूल, मुलगा, दिवसांआधी झाला. मुंबईच्या एका इस्पितळात दोन दिवस काचेच्या पेटीत होता आणि गेला. बाप्तिस्मा झाला नव्हता, त्या धावपळीत कुणाच्या डोक्यातच आलं नाही. भाऊ टॅक्सीने मांडीवर घेऊन आला. तेव्हाच्या फादरांनी सांगितलं, बाप्तिस्मा नाही तर विधी नाही. मग संध्याकाळी दफनभूमीच्या मागच्या भिंतीला लागून, जिथे कबरींवरची सुकलेली फुलं टाकतात तिथे, पुरलं. मी तेव्हा दफनभूमीच्या कमिटीवर होतो, मागच्या फाटकाची चावी माझ्याकडेच असायची. भावजय इस्पितळातच होती. ते फादर कधीच बदलून गेले. झालं ते वाईट झालं, नाही कोण म्हणतो. पण १३ वर्षं! देवाशी माणसाने किती दिवस अबोला धरायचा?

त्यानंतर त्याला मुलगी झाली. आता ९ वर्षांची आहे. भावजय तिला घेऊन दर रविवारी येते. येत्या मे महिन्यात पोरीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याचा सोहळा. गेल्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर तिने माझा हात धरून विचारलं, "मोठे पपा, माझ्या पपांना चर्चमध्ये यायला बंदी आहे का?"

तेव्हापासून झोप नाही. तर विचारायचं ते हे: मे महिन्यापर्यंत त्याला कसा आणावा? आणि इतक्या वर्षांनी परत यायचं तर चर्चचा काही नियम असतो का? अर्ज, दंड, पुन्हा काही विधी?

---

मालवणचो खलाशी · ८ सप्टेंबर, रात्री ११.०५

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अर्ज नाही, दंड नाही. बाप्तिस्मा एकदाच होतो, तो पुसला जात नाही. पापनिवेदन करायचं, ख्रिस्तप्रसाद घ्यायचा, संपलं. हे मी पुस्तकातलं सांगत नाही, मीच ९ वर्षांनी परत आलोय.

माझं कारण तुमच्या भावासारखं नव्हतं. मी मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये. एक रविवार चुकला, मग दहा, मग सुट्टीवर घरी आलो तरी उठवेना. पुढे पुढे लाज वाटायला लागली. उधारी थकलेल्या वाण्याच्या दुकानासमोरून जाताना माणूस रस्ता बदलतो ना, तसा मी चर्चसमोरचा रस्ता बदलायचो.

आई सांत मोनिकाची, म्हणजे संत ऑगस्टीनच्या आईची, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करायची आणि ती करते हे मला दिवसातून चार वेळा ऐकवायची. मोनिकाने ऑगस्टीनसाठी १७ वर्षं अश्रू गाळले, मी पण गाळीन वगैरे. पण त्या गोष्टीतला एक तुकडा आईला माहीत नव्हता, तो तिला आमच्या फादरनी सांगितला. मोनिका एका बिशपकडे गेली आणि म्हणाली, माझ्या मुलाशी बोला, त्याला समजवा. बिशप नाही म्हणाले. आत्ता तो ऐकणार नाही, त्याला राहू दे, तू फक्त देवाकडे माग. ती रडत मागेच लागली तेव्हा वैतागून म्हणाले, जा आता, इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जायचा नाही. आणि दुसरं म्हणजे ती इतकी पाठीस लागायची की ऑगस्टीन तिला फसवून रात्रीच्या जहाजाने रोमला पळाला. मी पण जहाजावर, म्हणून मला ते फार पटलं. त्या दिवसापासून आईने बोलणं बंद केलं. नोव्हेना चालू, तोंड बंद. मला उलट चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पहिला प्रयत्न मी नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला केला. फाटकातच तिघे भेटले, एक म्हणाला, "काय रे, आज सूर्य पश्चिमेला उगवलो काय?" वाईट हेतूने नाही, चेष्टेने. मी तसाच मागे फिरलो आणि मिस्सा सुटेपर्यंत बंदरावर बिड्या ओढत बसलो. पुढची दोन वर्षं त्या एका वाक्यात गेली.

दुसऱ्या वेळी गेलो तो मंगळवारी, सकाळच्या मिस्साला. दहाबारा म्हाताऱ्या आणि बाकाखाली एक कुत्रा. कोणी मान वळवली नाही. शेजारची म्हातारी फक्त म्हणाली, "झिला, सरक जरा." तसा दीड महिना मंगळवारी जात राहिलो. कुमसार (पापनिवेदन) करायला मुद्दाम दुसऱ्या गावी गेलो, जिथे मला कोणी ओळखत नाही. फादरना म्हटलं, ९ वर्षं झाली, कसं करतात ते विसरलो. ते म्हणाले, मी विचारतो, तू हो-नाही सांग. पंधरा मिनिटं लागली. प्रायश्चित्त इतकं कमी दिलं की मी विचारलं, एवढंच? ते हसले.

म्हणून सांगतो, मे महिन्याचं लक्ष्य ठेवू नका. पहिल्या कम्युनियनला सगळा गाव, फोटोवाला, व्हिडिओवाला. त्या दिवशी १३ वर्षांनी माणूस आत शिरणार आणि अख्खं चर्च माना वळवणार? मी तरी नसतो शिरलो.

---

रेवदंड्याचा एक · ९ सप्टेंबर, सकाळी ८.१५

मी नास्तिक आहे, त्यामुळे माझं मत कदाचित नको असेल. दारू नाही, उधारी नाही, आईच्या गुडघ्याला तेल. असा माणूस चर्चला गेला नाही तर बिघडलं काय? त्याला सुखाने जगू द्या की. धर्म हा काय हजेरीपट आहे?

---

चाफेवाला (वसई) · ९ सप्टेंबर, दुपारी १.४०

रेवदंडेकर, तो सुखाने जगत असता तर मी लिहिलंच नसतं. सुखी माणूस गुड फ्रायडेला मोटर ठोकत नाही.

मालवणच्या भाऊंना धन्यवाद. मंगळवारची युक्ती चांगली आहे. पण मंगळवारी दादरला गणपतीच्या फुलांना गर्दी असते, तो त्या दिवशी सगळ्यात बिझी. बघतो.

---

धर्मशिक्षणाच्या बाई (सावंतवाडी) · ९ सप्टेंबर, संध्याकाळी ६.३०

चाफेवाले भाऊ, मी निवृत्त शिक्षिका, वय ७१. चाळीस वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिलं. त्यामुळे वही तपासायची सवय लागली आहे, राग मानू नका.

आधी नियमाचं सांगते, कारण ते तुम्हाला १३ वर्षांपूर्वीच कुणीतरी सांगायला हवं होतं. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात बाप्तिस्मा न झालेल्याला चर्चचं दफन नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. जुन्या माणसांच्या डोक्यात तेच बसलंय. पण १९६९ मध्ये अंत्यविधीचं नवं पुस्तक निघालं, त्यात बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळासाठी प्रार्थना दिलेल्या आहेत. पुढे चर्चच्या कायद्याची १९८३ ची संहिता आली. तिचं कलम ११८३ बघा: आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा इरादा होता आणि बाळ त्याआधी गेलं, तर बिशप त्याच्या अंत्यविधीला परवानगी देऊ शकतात. म्हणजे त्या संध्याकाळी एक फोन करून विचारायला हवं होतं. तो कोणी केला नाही.

दुसरं. बाळ स्वर्गात जात नाही, मधेच कुठेतरी अडकतं, असं त्या काळात भावाच्या कानावर कुणीतरी घातलं असणार. लिंबो म्हणत त्याला. ती चर्चची ठरलेली शिकवण कधीच नव्हती. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात लिहिलंय की अशा बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं. २००७ मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने याच एका प्रश्नावर मोठा लेख काढला, पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने. अशी बाळं तरतात अशी आशा ठेवायला भक्कम कारणं आहेत, असं त्याचं म्हणणं. तुमच्या भाच्याची, चुकले, पुतण्याची गोष्ट त्यानंतरची आहे.

एक गोष्ट मात्र भावाला आत्ता चुकूनही सांगू नका. जिवावर बेतलं असेल तेव्हा बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं. नर्स, डॉक्टर, बाप स्वतः, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा. डोक्यावर पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याचं नाव, बस. हे कळलं तर तो स्वतःला खाईल. गरोदर बायकांना मात्र हे जरूर शिकवावं. मी वर्गात शिकवत असे, आणि पालक तक्रार करत की मुलांना कसलं अभद्र शिकवता.

आता वही. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत. रिट्रीटचे पैसे, आठ जण, गिटार, पंपाची मोटर. आणि मधेच एक ओळ लिहून पुढे निघून गेलात. मागच्या फाटकाची चावी तुमच्याकडे होती.

ते कुलूप कोणी उघडलं?

भावाने त्या दिवशी तोंडावर दार लावून घेतलेलं पाहिलं ते फादरांचं. पण मागचं दार उघडून दिलं ते थोरल्या भावाने. फादर बदलून गेले. तुम्ही रोज पहाटे तीनला त्याच्या शेजारी उभे असता. या १३ वर्षांत तुम्ही त्याला चर्चबद्दल किती बोललात ते वाचलं. त्या संध्याकाळबद्दल किती बोललात ते कुठे दिसलं नाही.

लूकच्या १५ व्या अध्यायात हरवलेल्याच्या तीन गोष्टी आहेत. मेंढरू आणि उधळ्या मुलगा सगळ्यांना पाठ असतात. मधली कोणी सांगत नाही: दहा नाण्यांतलं एक हरवतं, तेही घरातल्या घरात. मेंढरू भटकलं, मुलगा निघून गेला, पण नाणं स्वतः कुठे गेलेलं नाही, ते कुणाच्यातरी हातून पडलंय. ती बाई नाण्याला दोष देत नाही. दिवा लावते आणि घर झाडते.

---

हर्णैकर · ९ सप्टेंबर, रात्री १०.१०

बाईंनी सगळं सांगितलंच. मी प्रोटेस्टंट, माझ्याकडे कुमसार वगैरे नाही, म्हणून एवढंच. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. काही वर्षं दूर राहिल्या. नंतर एकत्र आले तरी त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत, आपल्या पद्धतीने राहिल्या. झाल्या त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळी. तुमचा मामला वेगळा आहे, मान्य. पण घाई करणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो.

आणि गिटारवाले पुन्हा आणू नका.

---

चाफेवाला (वसई) · १० सप्टेंबर, पहाटे २.३०

बाई, तुमचं वाचून पहिल्यांदा भयंकर राग आला. मोबाईल ठेवून दिला. कमिटीत पाच माणसं होती, फादरांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता, माझ्या हातात काय होतं, असं सगळं टाईप केलं होतं. खोडलं.

कुलूप मीच उघडलं. गंजलेलं होतं, लवकर निघेना, तर मी तेल आणायला घरी गेलो होतो. तेवढा वेळ तो बाळाला घेऊन गल्लीत उभा होता. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

तीन वाजत आलेत. वाडीत जातो.

---

धर्मशिक्षणाच्या बाई (सावंतवाडी) · १० सप्टेंबर, सकाळी ७.००

बोलताना "पण" वापरू नका. माझी चूक झाली, पण त्या वेळी... असं नको. चूक झाली, पूर्णविराम. आणि त्याच श्वासात चर्चचं नाव काढू नका. माफीला मिस्साची किंमत लावलीत तर तो ती फुलांच्या भावासारखी घासाघीस समजेल.

---

मालवणचो खलाशी · २ ऑक्टोबर, रात्री ८.४५

चाफेवाले दादा, काय झालं? कळवा तरी.

---

चाफेवाला (वसई) · ३ नोव्हेंबर, रात्री ९.५०

उशिराबद्दल माफी. गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी, फुलांचे दिवस. आणि खरं सांगायचं तर लिहिण्यासारखं लवकर काही झालंच नाही.

१० सप्टेंबरच्या पहाटे बोलणार होतो, नाही बोललो. ११ ला नाही. १४ ला बोललो. शेवटच्या रांगेत तो शिडीवर, मी खाली. मी म्हटलं, त्या दिवशी मागचं फाटक मी उघडायला नको होतं, फादरांसमोर तुझ्या बाजूने उभं राहायला हवं होतं, मी भ्यालो. एवढंच. बाईंचं ऐकून "पण" गिळला, घशात अडकला होता.

तो काही बोलला नाही. खुडणं थांबलं नाही. मला वाटलं ऐकलंच नसेल. मग वरून म्हणाला, "बॅटरी नीट धर." तेवढंच. पिशव्या भरल्या, तो गाडीला गेला.

पुढे महिनाभर काहीही नाही. एक फरक सांगतो, तुम्हाला हसू येईल: बायको म्हणाली, आता तुम्ही दोघं वाडीत बोलता. पूर्वी काय बोलत नव्हतो? तर म्हणे पूर्वी तुम्ही बोलायचात, तो खुडायचा.

दरम्यान मी आताच्या फादरांकडे गेलो. तरुण आहेत, चाळिशीच्या आतले. कलम ११८३ कागदावर लिहून नेलं होतं, त्यांनी कागद न बघताच मान हलवली. आमच्या बाळाच्या दफनाचं मात्र त्यांना काहीच माहीत नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, घरी येऊ का? मी म्हटलं नको, तो विहिरीत उतरेल. मग म्हणाले, २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी मी सगळ्या कबरींवर तीर्थ शिंपडत फिरतो. त्यांना चालणार असेल तर मागच्या भिंतीपाशी येऊन प्रार्थना म्हणेन, चालणार नसेल तर तिकडे फिरकणार नाही. त्यांना विचारा, आणि त्यांच्या बायकोलाही विचारा. तेव्हा मला धक्का बसला, कारण भावजयीला या १३ वर्षांत कोणी काहीच विचारलं नव्हतं. तिने ती जागा बघितलीसुद्धा नव्हती. भाऊ दाखवत नव्हता, आणि ती मागत नव्हती.

मी भावाला फादरांचा निरोप सांगितला. तो म्हणाला, "मला नको. तिला विचार." तिला विचारलं. ती हो म्हणाली आणि भांडी घासत राहिली.

१ तारखेला पहाटे खुडून झाल्यावर तो माल मोजत होता. दादरसाठी पिशव्या बांधल्या आणि एक टोपली बाजूला ठेवली. मी विचारलं, ही? म्हणाला, उद्याला. वर केळीचं पान ओलं करून झाकलं. २ ला संध्याकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टोपली घेऊन निघाला. बायको, पोरगी, आईला रिक्षात बसवलेलं, मागून मी. माझ्या खिशात मागच्या फाटकाची चावी होती, कमिटीकडून मागून आणली होती. मला वाटलं गर्दी टाळायची असेल तर लागेल. गल्लीच्या तोंडाशी मी त्याला ती दाखवली.

त्याने चावीकडे बघितलं आणि म्हणाला, "ती ठेव तुझ्याकडे." आणि मोठ्या फाटकाकडे वळला. सगळ्या गावादेखत, मेणबत्त्या लावलेल्या कबरींमधून, सरळ मागच्या भिंतीपर्यंत. मालवणचे भाऊ, "सूर्य पश्चिमेला" म्हणतील असे दोघे इथेही उभे होते. मी आदल्या दिवशीच त्यांना घरी जाऊन बजावलं होतं.

सुकलेल्या फुलांचा ढीग तिथे होता. भावाने टोपली खाली ठेवून पहिल्यांदा हातांनी तो ढीग बाजूला केला. मी वाकलो तर त्याने अडवलं नाही. फादर आले, प्रार्थना म्हटली. दोन-तीन मिनिटंच. फादरांनी नाव विचारलं. मला वाटलं आता पंचाईत, नाव कुठे होतं? भाऊ म्हणाला, आहे. आणि सांगितलं. त्याने ते तेव्हापासून ठरवून ठेवलेलं होतं, भावजयीला माहीत होतं, आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. इथे लिहीत नाही. आईने ते दोनदा तीनदा उच्चारून बघितलं.

पोरीने सगळा चाफा एकटीने मांडला.

काल रविवारच होता. सकाळी मिस्साला आला नाही, दादरला गेला होता. मे महिन्याबद्दल मी काही बोललेलो नाही आणि बोलणार नाही.

आता एक कामाचं विचारतो. काळ्या दगडाचा छोटा क्रूस, दीड-दोन फुटांचा, त्यावर एक नाव कोरायचं आहे. वसई ते पालघर भागात चांगला पाथरवट कोणी माहीत आहे का? सिमेंटचा नको म्हणतो. कळवल्यास उपकार होतील.